के म्हणजे काढा

जळगाव, मंगळवार, १४ सप्टेंबर १९९३

सुनंदाताईंनी आठवडाभर लिहिलेला प्रोग्राम आज माझ्यामुळे पुसला गेला. ऑफिसातल्या फायली आवरायची कमांड मीच बनवलेली. तिच्या माहितीच्या पानावर मीच लिहिलं होतं, ‘पुढे के हे अक्षर लावून फाईल काढा.’ मला म्हणायचं होतं, पुसून टाका. ताईंना प्रोग्राम कागदावर हवा होता, म्हणून त्यांनी के लावलं. लावणारच. आपण प्रिंट काढतो, झेरॉक्स काढतो, फोटोसुद्धा काढतोच. सरळ ‘पुसा’ लिहायला मला काय झालं होतं?

ताई म्हणाल्या, “सर, माझंच चुकलं. मी नीट वाचलं नाही.”

नीटच वाचलं होतं त्यांनी. काढा. आणि मी सगळ्यांसमोर काय म्हणालो? “असू दे, पुढच्या वेळी लक्ष द्या.”