समासातलं ‘राहू दे’

३ नोव्हेंबर
पेपरात पक्की बातमी. बाईंवर सिनेमा येतोय. त्या मोठ्या कादंबरीकार व्हायच्या आधीचा काळ, घोडागाडी, कंदील आणि त्यांचं पहिलं प्रेम. पहिलं प्रेम म्हणजे मी. बाई आता हयात नाहीत, त्यामुळे हे मी कुणाजवळ बोलत नाही. (फक्त जावयाला सांगितलं. आणि शेजारच्या वकिलांना. दूधवाल्याने आपणहून विचारलं.) बायकोला सांगायचा प्रश्नच नाही, ती लग्नापासून ऐकतेय.

५ नोव्हेंबर
उगाच कुणी शंका काढायला नको म्हणून पुरावा लिहून ठेवतो. बाईंच्या पहिल्या कादंबरीची प्रुफं मी तपासली. माझी एखादी दुरुस्ती पटली नाही की त्या समासात लिहायच्या, ‘राहू दे’. ‘राहू द्या’ नव्हे! तोंडावर मला अहो-जाहो करणारी बाई कागदावर एकदम अरे-तुरेवर येते, याचा अर्थ शेंबडं पोरही सांगेल. आमच्या छापखान्यातला फोरमन म्हणायचा, बाबा रे, ते तुला नाही, अक्षराला म्हणतात. जळत होता मेला.

९ नोव्हेंबर
सिनेमावाल्यांची एक मुलगी मागे प्रेसची माहिती घ्यायला आली होती. माझा चष्मा कसा होता, मी बोलताना अडखळायचो का, सगळं विचारून घेतलं. हीरो सोडून इतकं बारीक कुणाबद्दल विचारतात? प्रीमियरचं आमंत्रण आता कुठल्याही दिवशी येईल. दोन शब्द बोलायला लावतीलच.
संकल्प : रोज चालणे. साखर बंद. भाषण पाठ.

१२ नोव्हेंबर
चाललो नाही. गार होतं. बायकोच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. आज माझ्या चहात तिने साखर समजून मीठ घातलं. (साखर उद्यापासून बंद.) डॉक्टरांनी ऑपरेशनला वीस तारीख दिली होती. सिनेमा बावीसला लागतोय. डोळ्याला पट्टी बांधून ही थिएटरात काय बघणार? तारीख पुढे ढकलली. म्हणाली, एवढे दिवस काढलेत, अजून थोडे. तिच्याच भल्यासाठी केलं. नवऱ्याचं तरुणपण कितीजणींना पडद्यावर बघायला मिळतं?

१९ नोव्हेंबर
आमंत्रण नाही. टपालखात्याचा कारभार विचारू नये. केस काळे केले. डावा कानही झाला.

२१ नोव्हेंबर
आमंत्रण नाही. हरकत नाही. मी साध्या प्रेक्षकांत बसलेलोच शोभून दिसेन. जावयाने तिकिटं काढली. भाषण तरी खिशात ठेवतो.

२२ नोव्हेंबर
सिनेमा पाहिला. आज लिहवत नाही.

२३ नोव्हेंबर, दुपार
हीरो डॉक्टर आहे. पांढरे कपडे, उंच, पुलावर उभा राहून कविता म्हणतो. मी आपला वाट बघतोय, हा प्रेसमध्ये नोकरीला कधी लागतो. नाहीच लागला.
मध्यंतराच्या जरा आधी प्रेस आली. टेबलाशी एक माणूस. जाड काचा, नाकावर शाई. बा-बाई, म्हणाला, इथे अनु-अनुस्वार राहिलाय. सगळं थिएटर हसलं. बाईंनी ‘राहू दे’ असं मोठ्याने म्हणत समासात लिहिलं आणि पुलावर जाऊन डॉक्टरला त्या माणसाची नक्कल करून दाखवली. पुन्हा हसले. जावई हसला नाही, त्याला खोकला आला.
बायकोने विचारलं, तुम्ही आलात का हो? तिला पडद्यावर नुसते डाग हलताना दिसत होते. आलो, म्हटलं. कुठला? तो पांढऱ्या कपड्यांतला, म्हटलं. बरं, म्हणाली आणि सावरून बसली. शेवटी डॉक्टर बाईंना सोडून बोटीत चढतो तेव्हा तिने माझा हात धरला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.
आज डॉक्टरांना (आपल्या, खऱ्या) फोन केला. आता महिनाभर तारीख नाही. माझ्या हौसेपायी ती महिनाभर चाचपडणार.

२४ नोव्हेंबर, सकाळ
चहा मी केला. बशी तिच्या हातात नीट धरवून दिली. काही विषय नसताना म्हणाली, तो प्रेसमधला माणूस कोण हो?
कोणी नाही, म्हटलं. असाच एक.
सगळे हसले त्याला, म्हणाली. मला नाही हसू आलं. मन लावून काम करत होता बिचारा.
तिने चहा संपवला. मग म्हणाली, त्याचं पुढे लग्न झालं असेल ना?
झालं असेल, म्हटलं.
मग तो तिला एकदा तरी दाखवायला हवा होता, म्हणाली, आणि रिकामी बशी माझ्या आवाजाच्या दिशेने पुढे केली.