टेपची बाहेर राहिलेली पट्टी

चि. रूपाली,

मी बिडकीनच्या घरी जातो आहे, संध्याकाळी येईन. डबा घेतला आहे.

तू म्हणाली होतीस, "अप्पा, तुमचं पुस्तकांचं कपाट इथं खिडकीशेजारी बसलं, तर परत बिडकीनला राहायला जायचं नाव काढायचं नाही." म्हणून सकाळी भिंत मोजली. जुना टेप हात सुटला की सर्रकन आत जायचा. तेव्हा दुसरं टोक तुझ्या सासूबाई धरायच्या. आता लॉकवाला आणला आहे. बटण खाली ओढलं की पट्टी जागेवर थांबते, एकट्यालाही जमतं.

आकडा मात्र मला कधी एकेचाळीस इंच दिसतो, कधी बेचाळीस. माझ्या डोळ्यांवर भरवसा नको, म्हणून भिंतीएवढी पट्टी लॉक करून टेप तसाच नेतो आहे. तिथं थेट कपाटालाच लावून बघेन. पट्टी पिशवीतून चांगली वर आली आहे. आकाश ऑफिसला जाता जाता हसला, "अप्पा, अँटेना घेऊन कुठं चाललात?"

बसमध्येही हसतील. हसू देत. कपाटाजवळ पोचेपर्यंत बटणाला हात लावणार नाही.

कपाट बसलं नाही, तरी मी राहू ना? मला जागा कमी लागते.

अप्पा