डबीला पाजलं तेल

१० ऑक्टोबर २००७
रीताचा म्युझिक प्लेअर गेला. चालू केला की आतून कटकट, मग स्क्रीन काळी. सकाळपासून स्वयंपाकघरात भांडी आपटणं सुरू आहे. बायको आहे, कारणही आहे. त्या डबीत सासूबाईंच्या आवाजातली भुलाबाईची बावीस गाणी आहेत. साळा दुबईहून आला होता तेव्हा लॅपटॉपवर रेकॉर्ड करून त्यानं भरून दिलेली. लॅपटॉप पुढे चोरीला गेला. म्हणजे ती गाणी जगात एवढ्याच ठिकाणी. कोजागिरीला आमच्या अंगणात गल्लीतल्या बायका जमणार, आणि हीच गाणी लावायची असं रीतानं महिनाभर आधी सांगून ठेवलंय.

मी म्हटलं, दोन दिवसांत करतो. ती म्हणाली, वर्ध्याच्या रिपेअरवाल्या नीलेशकडे न्या, तुमी हात नका लावू. नीलेशपेक्षा माझी ग्रीसगन जुनी आहे! अठरा वर्षं हिंगणघाटात जिनिंगच्या मशीनची बेअरिंगं विकतोय. कटकट म्हणजे बेअरिंग. संपला विषय.

११ ऑक्टोबर
संकल्प: १) घाई नाही. २) प्रत्येक स्क्रूला नंबर. ३) चहा लांब ठेवायचा.

दुपारी २.१०. उघडला!! फट मोजायच्या फिलर गेजची सगळ्यात पातळ पत्ती फटीत सारली, टक्. स्क्रू एकही नव्हता, त्यामुळे संकल्प २ आपोआप पूर्ण. आत पत्त्यांच्या कॅटपेक्षा लहान एक चपटी वस्तू, वर लिहिलंय हार्ड डिस्क. कटकट हिचीच.

१२ ऑक्टोबर
डिस्कवर लिहिलंय की उघडू नये. असं सगळेच लिहितात. उघडली. आत गोल आरसा! त्यात मी बराच तरुण दिसतो. मधोमध बेअरिंग, माझा अंदाज अगदी बरोबर. शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडला. दुसरा आपणहून पडला. आरशावर ओघळलेलं जुन्या बनियननं पुसून काढलं, आता पहिल्यापेक्षा चकचकीत आहे.

संध्याकाळी. कटकट पूर्ण बंद. प्लेअरही बंद. म्हणजे निम्मं काम झालं.

१४ ऑक्टोबर
रीतानं विचारलं, प्लेअरले तेलाचा वास काऊन येऊन राह्यला? म्हटलं, दुकानात ठेवला होता. अगदीच खोटं नाही.

१६ ऑक्टोबर
वर्ध्याला जाऊन नीलेशकडून दुसरी डिस्क आणली. मित्रासाठी हवी म्हणालो. तो म्हणाला, भाऊ, जुनी डिस्क आणजो, कटकट करत असली तरी गाणी काढता येतात बहुतेक वेळा. मी मनातल्या मनात हसलो. गाणी डिस्कमध्ये कशी असतील? डिस्क म्हणजे मोटर. मोटर बदलली म्हणून जिनिंगमधला कापूस जातो का? आजकालच्या पोरांचा बेसिकच कच्चा.

२० ऑक्टोबर
बसली! पहिल्याच फटक्यात! (सातव्या.) स्क्रीन लागली, काय उजेड पडला! मी दुकानातच टाळी वाजवली. गाणी मात्र दाखवत नाही. नवी जागा आहे, रुळायला वेळ लागणार. चार्जिंगला लावून ठेवला.

२१ ऑक्टोबर, दसरा
हत्यारांच्या पूजेत पान्यांच्या रांगेत प्लेअर मांडला. फूल, हळदकुंकू, सगळं. लागलेली स्क्रीन पाहून रीता इतकी खूश झाली की तिनं मला न मागता दुसरी पुरणपोळी वाढली. गाणी: शून्य.

२३ ऑक्टोबर
नीलेशला फोन केला. गाणी डिस्कमध्येच असतात. त्यानं विचारलं, तेल? कोनतं तेल? म्हणाला, मंग आता त्यातून काईच निघत नाई. मग मागे कोणाला तरी सांगितलं. तिकडे बराच वेळ हसणं चाललं होतं.

२४ ऑक्टोबर
रीताला सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. इअरफोन कानात घालून नुसती बसली. मी विचारलं, काही येतंय का? म्हणाली, आवाज लय साफ आहे, काहीच नाई येऊन राह्यलं.

मला फार वाईट वाटलं. पण उपाय आहे! हिंगणीहून सासूबाईंनाच बोलावतो. उद्या प्रत्यक्ष कार्यक्रम, तोही ओरिजिनल आवाजात. आयडिया माझीच.

२५ ऑक्टोबर, कोजागिरी
सासूबाई दुपारच्या बसनं आल्या. म्हणाल्या, जावईबापू, डबीत भरली तवाच मी मोकळी झाली, आता मले एकही आठवत नाई.

संध्याकाळी अंगणात चौदा बायका. सगळ्या गाण्यांची वाट पाहत. सासूबाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि टाळी धरली:

जावई माझा मिस्तरी गं मिस्तरी
डबीले पाजलं तेल गं तेल
बावीस गाणी घसरून पडली
मिस्तरी म्हणे झाला मेळ गं मेळ!

दुसऱ्या वेळेला चौदाजणी म्हणत होत्या. रीता हसून हसून खाली बसली. मीही हसलो. बसल्या जागी दुसरं काय करणार.

२८ ऑक्टोबर
रीतानं ते मोबाइलवर रेकॉर्ड केलं होतं. नीलेशनं प्लेअरमध्ये भरून दिलं. तीस जीबी जागा, गाणं एक. आवाज खरंच साफ आहे, 'मिस्तरी' तर फारच. एवढी फिटिंग नीलेशला जमली नसती.

पोळ्या लाटताना ती तेच ऐकत होती. विचारलं, राग गेला का? म्हणाली, बावीस गेली, एक आलं. उरलेली एकवीस आई हिंगणीला बसून जोडून राह्यली.

सगळी माझ्यावरच आहेत.