ब्रिटाला न बघवणारं फायरप्लेस

१ डिसेंबर, सोमवार

आणि वर मलाच म्हणते, विचार करून सांगते! नाताळला स्वतःच्या आईबापाकडे यायला विचार कसला करायचा असतो? सेंट क्लाउडहून डुलुथला यायला अडीच तास लागतात, बर्फ असला तर तीन. फोनवर एवढंच बोलली, बघू आई, आणि लगेच म्हणे डॅरिल हाक मारतोय. माझा नवरा जन्मभर हाका मारतोय, मी त्यासाठी कधी फोन ठेवला नाही.

कारण मला माहीत आहे. गेल्या नाताळला दारात बूट चढवताना ती म्हणाली, मला आता त्या फायरप्लेसकडे बघवत नाही. तेव्हा राग आला होता. आता शांतपणे बघितलं तर पोरीचं खरं आहे. जमिनीपासून छतापर्यंत नुसत्या विटा, काळपट तांबड्या, मध्ये सिमेंटच्या मळक्या रेघा. बैठकीची खोली कसली, पोस्टाची मागची भिंत वाटते.

ठरलं. पांढरं करायचं. दोन दिवसांचं काम. फोटो पाठवायचा, फोटो बघून ती येणार. विषय संपला.

३ डिसेंबर

रंग आणला. दुकानदार विचारतो, विटा धुतल्यात का. म्हटलं, माझ्या घराची काळजी करण्याआधी तुझं काउंटर पूस. डब्यावर बारीक अक्षरात पानभर लिहिलंय. असलं वाचायला लागू नये म्हणूनच मी आठवीत शाळा सोडली.

४ डिसेंबर

नवऱ्याची, वेंडलची खुर्ची सरकवली, वेंडलसकट. म्हणाला, विटांवर का उठलीस, आर्लीन? म्हटलं, ब्रिटाला आवडत नाहीत. म्हणाला, तिला विटांचं काही नाही, तुला माहितेय ते. म्हटलं, पाय वर घे, प्लास्टिक अंथरायचंय.

वीट रंग पिते. वेंडलचा भाऊ बिअर पितो तशी. अख्खा डबा संपला तेव्हा कुठे अर्धी भिंत झाली, उरलेली दुसरा डबा उघडून उरकली. कंबर गेली. पण पांढरं दिसतंय.

५ डिसेंबर, सकाळी

सुंदर! खोली दुप्पट मोठी वाटते. फोटो ब्रिटाला पाठवला. तिने बघितल्याचं दिसतंय. उत्तर नाही. कामात असेल.

संध्याकाळी

अजून कामातच आहे.

६ डिसेंबर

पांढऱ्यातून तपकिरी डाग वर आलेत. चहा सांडल्यासारखे. वर, फायरप्लेसवरच्या फळीजवळ जास्त. काल नव्हते. रंगच भिकार. दुसरा हात देते, झाकले जातील.

८ डिसेंबर, सोमवार

नाही झाकले गेले.

शेजारची फर्न कॉफीला आली. दारातूनच ओरडली, अगं बाई, गाय कधी आणलीस घरात? दूध किती देते? हसून हसून खाली बसली. हिच्या स्वतःच्या घरात अजून १९७९चा गालिचा आहे.

मग विचारलंन, ब्रिटा येणार ना यंदा? म्हटलं, येणार, तिच्यासाठीच तर हे चाललंय. तर म्हणे, गेल्या वर्षी मधूनच का निघून गेली होती? मी सांगितलं जे झालं ते. त्यात लपवण्यासारखं काय आहे?

आमच्याकडे नाताळच्या भेटी घालायला फळीला चार लाल मोजे टांगतात. वेंडलचा, माझा, ब्रिटाचा, डॅरिलचा, प्रत्येकावर नाव. गेल्या वर्षी ब्रिटाने पाचवा टांगला. तळहाताएवढा, तिनेच विणलेला. ऑक्टोबरात तिचं बाळ गेलं होतं. जन्मलं तेच श्वास न घेता. मला वाईट वाटलं नाही का? मी तिच्याकडे जाऊन आठवडाभर स्वयंपाक केला, ओटा घासला, पाळण्याची खोली रिकामी करून आले, तिला काही करावं लागू नये म्हणून. पण नाताळच्या संध्याकाळी वेंडलचा भाऊ, त्याची बायको, पोरंबाळं सगळी जेवायला येणार. पोरं विचारणार, हा कुणाचा? सगळ्यांचे चेहरे पडणार. म्हणून ती वर आंघोळीला गेली तेव्हा मी तो काढला आणि स्वयंपाकघराच्या ड्रॉवरमध्ये ठेवला. खाली आल्यावर तिने विचारलं, तेव्हा एवढंच म्हटलं, रिकामा मोजा टांगून कुणाचं भलं होणार आहे, ब्रिटा? फेकला तर नव्हता ना मी!

फर्नने कॉफी अर्धी ठेवली. म्हणाली, गॅसवर काहीतरी ठेवून आलेय. तिच्याकडे विजेची शेगडी आहे.

१० डिसेंबर

तिसरा हात. दिवा पुढे ओढून, डाग दिसणार नाहीत असा फोटो काढून पाठवला.

डॅरिलचं उत्तर आलं. छान दिसतंय, आर्लीन. यंदा आम्ही माझ्या आईकडे जायचं म्हणतोय.

जायचं म्हणतोय. म्हणजे अजून ठरलेलं नाही. आणि हे त्याने लिहिलंय, तिने नाही. त्याची आई टर्कीसुद्धा बाहेरून आणते.

१२ डिसेंबर

रंग लवकर वाळावा म्हणून आत लाकडं पेटवली. वेंडल म्हणाला, आर्लीन, नको. म्हटलं, तू पेपर वाच. तासाभरात सगळे डाग परत वर, आधीपेक्षा गडद, आणि तोंडाशी रंगाला फोड आले. घरभर वास. खिडक्या उघडल्या, बाहेर उणे वीस. वेंडल कोट घालून पेपर वाचत बसला.

१३ डिसेंबर

वेंडलने चष्मा लावून डब्यावरचं वाचून दाखवलं. विटांवर धुराची काजळी असेल तर आधी धुवा, मग अस्तराचा रंग, मग हा. नाहीतर काजळी वर येत राहील, कितीही हात दिले तरी.

म्हटलं, मग हे मोठ्या अक्षरात लिहायला काय झालं होतं त्यांना? म्हणाला, मोठ्याच अक्षरात आहे.

१४ डिसेंबर, रविवार

चर्चला गेले नाही. सोडा टाकून विटा घासल्या. आता रंगच निघतोय, काजळी आतच. बोटांची सालं निघाली. भिंत ना पांढरी ना तांबडी. वेंडलने बादलीतलं पाणी तेवढं बदलून आणून दिलं. बोलला असता तर बरं झालं असतं.

१६ डिसेंबर

फळीवर मोजे तरी टांगावेत. खिळे शोधायला स्वयंपाकघराचा ड्रॉवर उपसला. रबरबँड, जुन्या बॅटऱ्या, गेल्या सालची कुपनं. त्याखाली तो.

आत बोटं घालून बघितली. तीन गेली. चौथं जाईना.

टाचेपाशी टाका चुकलाय. लहानपणापासून टाचेपाशीच चुकते ती, बोलत बोलत विणते म्हणून. हा विणताना कुणाशी बोलत होती कोण जाणे. हात शिवशिवले, दोन ओळी उसवून नीट करून टाकावं. सुई घेतलीही. मग परत ठेवून दिली.

१८ डिसेंबर, गुरुवार

पाच खिळे मारले. पाचव्याला रंगाचा मोठा पोपडा निघाला, खाली जुनी तांबडी वीट. तसंच ठेवलं. रंग संपलाय आणि मला कंटाळा आलाय.

वेंडल उठून आला. टांगलेल्या पाचव्या मोज्याला बोट लावून बघितलं. म्हणाला, आधी तिला विचार, आर्लीन. म्हटलं, मी विचारायचं? म्हणाला, हो, तूच. आणि परत खुर्चीत जाऊन बसला, पेपर उलटा.

फोन केला. उचलला नाही. निरोपाच्या मशीनवर बोलले, फायरप्लेस झालंय, घाण दिसतंय, आणि हॅम किती पौंडाचं सांगायचं ते कळव, खाटिक शनिवारनंतर ऑर्डर घेत नाही. ठेवला.

परत लावला. परत मशीन. काय बोलायचं ते घोकून ठेवलं होतं, ते विसरले. जे बोलले ते इथे लिहून ठेवते, नाहीतर उद्या मीच म्हणेन की असं बोललेच नव्हते.

ब्रिटा, एल्सीचा मोजा माझ्याकडे आहे. ड्रॉवरमध्ये होता. आता तुझ्या शेजारी टांगलाय. टाका चुकलाय तो तसाच आहे, मी हात लावलेला नाही. तुम्ही या किंवा त्याच्या आईकडे जा, मी ओढून आणणार नाहीये. पण तो फळीवर राहू देऊ की काढून तुझ्याकडे पाठवू, ते तू सांग. यंदा मी माझ्या मनाने काही करणार नाही. शनिवारपर्यंत सांग.