गुलमोहराच्या गळ्यातला फास

३ मार्च १९५५
आजपासून रोज लिहिणार. चौथी पास माणसानं लिहिलं पाहिजे, नाहीतर कल्याणजवळच्या या मोहन्यात राहून मी पण काळुरामसारखा अंगठेबहाद्दर होईन. काळुराम म्हणजे कारखान्याच्या बागेत आम्हा माळ्यांचा मुकादम. इथलाच, आधी मिठागरावर होता. एप्रिलअखेर रिटायर. मग मुकादम कोण? मी. मुकादमाला खोली मिळते. खोली मिळाली की गोदाला गावाहून आणणार. लग्नाला दोन वर्षं झाली, एकत्र राहिलो अठरा दिवस.

१४ मार्च
मधे लिहिलं नाही. म्हाताऱ्या काळुराममुळे डोकं ठिकाणावर नसतं. कारखान्याच्या साहेबांच्या बंगल्यापुढचा गुलमोहर एका बाजूनं पिवळा पडलाय, बुंधा त्या बाजूला भिंतीसारखा सपाट. म्हाताऱ्यानं हातानं माती उकरली. आत एक मूळ बुंध्याला फासासारखं गुंडाळलेलं. म्हणे रोप घासलेटच्या डब्यात वाढलं, मुळं डब्यात गोल फिरली, लावताना ती मोकळी करायची राहिली. कोणाकडून राहिली, विचारलं. "माझ्याकडून," म्हणाला. लाज नाही. असा माणूस मुकादम.

१५ मार्च
म्हातारा म्हणतो, फास बसलेलं तेवढं मूळ पटाशीनं काप. बाहेर पळणाऱ्या जाड मुळांना हात नाय लावायचा, झाड त्यांच्यावर उभं आहे. मग काथ्याचा दोर, बुंध्याशी सायकलची ट्यूब, आणि ढिला बांधायचा. झाड जरा हललं तरच मुळी धरतं म्हणे. हलायचंच तर बांधायचं कशाला? मूर्खाशी मी बोलत नाही. (थोडं बोललो. तो हसला.)

२६ मार्च, सकाळ
साहेब दौऱ्यावर, मंगळवारी येणार. म्हातारा आंबिवलीला लेकीकडे गेलाय. आज सगळं एका दिवसात उरकतो. साहेबांना कळू दे बागेत डोकं कोणाला आहे.

संध्याकाळ
काम फत्ते. भिवाला म्हटलं, धर कुऱ्हाड. चार महिन्यांचा नवा माणूस, म्हणतो मुकादम नको म्हणून गेलेत, मी नाही मारणार. भित्रा. एकट्यानं केलं. फास कापला. मग बाहेर जाणारी तीन जाड मुळं पण तोडली. आजारी झाडाला एवढं ओझं कशाला? दोन बाजूंना खुंट्या ठोकून तार पक्कडीनं पिळून आवळली. तिसऱ्या बाजूला व्हरांडा येतो, तिथे खुंटी नाही. तिची गरजही नाही. झाड आता खांबासारखं उभं. तसूभर हलत नाही.

२७ मार्च
किंचित कललंय. किंवा सावलीमुळे तसं दिसतं. तार अजून आवळली. गोदाला पत्र टाकलं, सामान बांधायला घे.

२८ मार्च
दुपारी वावटळ. तार तुटली नाही, हे लिहून ठेवतो. खुंट्या उपटल्या. गुलमोहर व्हरांड्यात. बाईसाहेब आत होत्या म्हणून वाचल्या. वेताच्या चार खुर्च्या गेल्या. म्हातारा परत आला, खड्ड्यात उतरला, तुटलेल्या मुळांवरून हात फिरवत बसला. मला शिवी द्यायची तर दे ना. तेवढीही हिंमत नाही.

२९ मार्च
साहेबांनी सगळ्यांना रांगेत उभं केलं. मुळं कोणी तोडली? मी सांगणारच होतो, घसा खाकरत होतो, तोवर म्हातारा पुढे. "हात याचा, ऑर्डर माझी." खोटं. दुसऱ्याचं काम आपल्या नावावर करायची सवय मरेपर्यंत जाणार नाही. साहेबांनी त्याला आजच घरी पाठवलं. जाताना मला म्हणाला, "बायकोला आन रं लवकर."
मी दुपारभर खूष होतो.

३० मार्च
ऑफिसात बोलावलं. इस्त्रीचा शर्ट घालून गेलेलो. साहेब म्हणाले, मुकादमानं वेड्यासारखं सांगितलं आणि तू तोडलीस? नाही म्हणता आलं नाही? भिवा शेजारीच उभा. म्हणाला, "कुऱ्हाड मला पण दिलेली साहेब. मी नाही म्हटलं." कोणी दिली ते बोलला नाही.
खरं सांगावं तर नोकरी जाते. चुकलं साहेब, म्हटलं. एक तारखेपासून भिवा मुकादम. त्याचं लग्नसुद्धा झालेलं नाही. खोली त्याला.

२ एप्रिल
गोदाचं पत्र आलं. भावाकडून लिहून घेतलंय. सामान बांधलं, मंगळवारी निघते, कल्याणला उतरवून घ्यायला या.