मुलगी झाल्याची दोरी परत मिळण्याबाबत

प्रति,
मा. प्रमुख,
बालकल्याण शाखा,
सोल्गोक तालुका कार्यालय,
दक्षिण जोल्ला प्रांत, कोरिया.

अर्जदार: श्रीमती प्यो मालसुन, वय ७६, राहणार मुलग्यो गाव, चर्चला लागून असलेले निळ्या छपराचे घर.

विषय: (१) आमच्या दारावरून कापून नेलेली दोरी पुन्हा बांधून मिळणे, (२) कुमारी बोराम हिला घरातून हलवण्याचा आदेश रद्द होणे.

संदर्भ: आपले दि. १८ नोव्हेंबरचे पत्र, ज्यात "मांत्रिकी स्वरूपाची वस्तू" असे शब्द आहेत ते.

महोदय,

१. वरील विषयास अनुसरून अर्जदार कळवते की आपले पत्र मिळाले. सूनबाईने ते मोठ्याने वाचून दाखवले, अर्जदाराने ते पुन्हा वाचायला लावले आणि शेवटी चष्मा लावून स्वतः वाचले. दरवेळी त्यात तेच निघाले: येत्या ५ डिसेंबरला आपली गाडी येणार आणि बोरामला प्रांताच्या शहरातील निवासी संस्थेत घेऊन जाणार. सबब हा अर्ज. अर्जदाराचा मुलगा मोक इन्ग्यु हा येथील मंडळीचा पाळक आहे. "आई, भाषा जरा मवाळ ठेव," असे त्याने सुचवले. ती सूचना अर्जदाराने ऐकून घेतली आहे.

२. मुलगा आणि सूनबाई ब्योन हेजोंग यांच्या घरी बोराम धरून सहा मुले आहेत. त्यांतले एकही सुनेच्या पोटचे नाही आणि सहाही तिचीच आहेत. कुणाला ऐकू येत नाही, कुणाला समजायला वेळ लागतो, कुणाला आईबापांनी बसस्थानकावर बसवून ठेवले ते परत न्यायला आलेच नाहीत. थोरल्या सेचानला डाउन सिंड्रोम आहे आणि गावातल्या यच्चयावत कुत्र्यांची नावे त्याला तोंडपाठ आहेत. बोराम नऊ वर्षांची. सेरेब्रल पाल्सीमुळे ती चालत नाही, बोलत नाही, आणि एक वाटी पेज खायला तासभर घेते. तिला सांभाळणारी आजी वारल्यावर ती बंदराच्या रुग्णालयात नुसती पडून होती. तेव्हा फोन आपल्याच कार्यालयातून आला होता, याची आपल्याला आठवण करून द्यावीशी वाटते. आपली बाई म्हणाली, "पाळकसाहेब, चार दिवस ठेवून घ्याल का हो? दुसरं कुणी तयारच होत नाही." अर्जदाराच्या घरात चार दिवस पाहुणे ठेवतात. लेकरू ठेवायचे तर ते ठेवूनच घेतात.

३. आमच्या मंडळीत मूल आले की पहिल्या रविवारी ते उपासनेत हातोहात फिरवतात. पुढच्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत प्रत्येकाने त्याला घ्यायचे, त्याचे नाव उच्चारायचे आणि पुढे द्यायचे. बोराम नऊ वर्षांची, हाडापेराने मोठी. मंडळीत सगळे म्हातारे, कुणाची कंबर धरलेली, कुणाचे गुडघे गेलेले. पाळकांनी सांगितले, नुसता हात लावला तरी चालेल. कुणी ऐकले नाही. वडील मंडळाचे श्री. चू यांच्या मणक्याचे ऑपरेशन झालेले आहे, त्यांनीसुद्धा तिला मांडीवर घेतले आणि म्हणाले, "बोराम, मी तुझा आजोबा. जड आहेस गं बाई!" असे करत ती शेवटच्या बाकापर्यंत गेली आणि परत आली. प्रभूसमोर ज्याचे नाव आम्ही घेतले, त्याला परत पाठवण्याची आमच्यात पद्धत नाही. आजवर कधी तशी वेळ आली नाही आणि येऊ द्यायची नाही.

४. आता दोरीविषयी. आपले निरीक्षक श्री. ग्वाक तरुण आहेत, शहरातले आहेत, त्यांना माहीत नसेल तर त्यात त्यांचा दोष नाही, म्हणून लिहून देते. घरात मूल जन्मले की फाटकावर भाताच्या पेंढ्याची, उलट्या म्हणजे डाव्या पिळाची दोरी आडवी बांधतात. मुलगा असेल तर तिच्यात लाल मिरच्या खोवतात, मुलगी असेल तर कोळसा आणि पाइनच्या डहाळ्या. दोरी तीन आठवडे राहते. तोवर परक्याने उंबरा ओलांडायचा नाही, कारण आत बाळ-बाळंतीण आहेत आणि त्यांना निवांतपणा हवा. आपल्या आजीला विचारले असते तरी हे कळले असते. मुलग्योत मात्र कितीतरी वर्षांत पाळणा हललेला नाही, त्यामुळे दोरीही कुणी पाहिलेली नव्हती.

५. बोराम आली त्या दिवशी अर्जदाराने अंगणात बसून पेंढा वळला आणि दोरी बांधली. सुनेने विचारले, "आई, पण ती नऊ वर्षांची आहे." अर्जदार म्हणाली, "मग नऊ वर्षं उशीर झालाय. आता आणखी नको." येथे एक गोष्ट नमूद करणे भाग आहे. अर्जदार जन्मली तेव्हा तिच्या आजोबांनीही दोरी बांधली होती. दुसऱ्या दिवशी सुईणीने डावे पाऊल दाखवले, ते आत वळलेले होते. आजोबांनी दोरी उतरवून चुलीत घातली. हे अर्जदाराच्या आईने तिला लग्नाच्या आदल्या दिवशी सांगितले, आजूबाजूला कुणी नाही असे बघून. फार राग आला होता तेव्हा. अजूनही येतो. अर्जदार त्याच पायावर आजवर चालत आली आहे आणि बऱ्यापैकी झपझप चालते; खात्री करायची असल्यास श्री. ग्वाक यांना विचारावे.

६. दोरी बघून गाव लोटले. शेजारची सुन्चोनकरीण बुद्धाच्या देवळात जाणारी, वय ८१, चर्चची पायरी कधी चढलेली नाही. ती फाटकाबाहेर उभी राहून ओरडली, "काय गं, तुझ्या येशूला दोरी चालते का?" अर्जदार म्हणाली, "त्याला चालते. तुझ्या तोंडालाच एक बांधायची राहिली." तेवढ्यात, इतक्या वर्षांनी दोरी दिसली म्हणून, सुन्चोनकरणीला रडू फुटले. बाळंतिणीला देतात ते समुद्री शेवाळाचे सूप पातेलेभर करून तिने दोरीच्या वरून आत दिले, आणि ते सूनबाई प्यायली, बोरामही प्यायली. आपल्या पत्रात या सुपाचा उल्लेख "बाहेरील व्यक्तीने पुरवलेले, तपासणी न झालेले अन्न" असा आहे.

७. पाचव्या दिवशी श्री. ग्वाक आले. त्यांना वाटले कोळसे वाळत घातले आहेत. "आजी, हे वाळवण जरा बाजूला घ्या ना," ते म्हणाले. अर्जदाराने सांगितले, "मुलगी झालीय. तीन आठवड्यांनी या, तांदळाचा केक खायला घालते." ते म्हणाले, "आजी, मी काही परका नाही, मी सरकारतर्फे आलोय." अर्जदार म्हणाली, "मग तर मुळीच नाही." पत्रात याला "शासकीय तपासणीत अडथळा" असे म्हटले आहे. शब्द बरोबर आहे, त्याबद्दल तक्रार नाही.

त्यांनी कुणाला तरी फोन केला, खिशातून पाकिटे फोडायची पाती काढली, दोरी कापली आणि ती प्लास्टिकच्या पिशवीत भरून वर चिठ्ठी डकवली. मग आत येऊन विचारू लागले, "कर्मचाऱ्यांचं हजेरी रजिस्टर दाखवा. रात्रपाळीला कोण असतं?"

सूनबाई म्हणाली, "मी."

"आणि दिवसपाळीला?"

"मीच."

"मग तुमची साप्ताहिक सुट्टी?"

यावर सूनबाईला इतके हसू आले की तिला भिंतीला टेकावे लागले. बिचारी दोन वर्षांत कधी केस कापायला गेलेली नाही. हे हसणे श्री. ग्वाक यांनी "असहकार" या सदरात लिहिले आहे. पुढे त्यांनी सुचवले की सहा मुले म्हणजे संस्था, तेव्हा फाटकावर संस्थेची पाटी हवी, झोपण्याच्या खोल्यांवर बाहेर पडायची वाट दाखवणारे हिरवे दिवे हवेत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंदवही हवी. म्हणजे सुन्चोनकरीण मुळे उसने मागायला आली तरी तिने सही करायची! आमच्या फाटकावर एक पाटी आहे, तिच्यावर 'मोक' हे आडनाव आहे. दुसरी लागणार नाही.

८. आपल्या पत्राची प्रत आपण आमच्या धर्मप्रांताच्या मंडळाकडेही पाठवलीत. पाळकाच्या घरी मंत्रतंत्र चालतात असे कळल्यावर त्यांनी मुलाला खुलासा विचारला. मुलगा जेवणाच्या वेळी अर्जदारावर चिडला, हे लपवायचे कारण नाही. म्हणाला, "आई, ही जुनी अंधश्रद्धा. लोकांना मी काय तोंड दाखवू? भुतं अडवायला दोरी बांधतात, आणि तू चर्चच्या शेजारी बांधलीस!" अर्जदार म्हणाली, "भुतांसाठी नाही बांधली रे. भोचक लोकांसाठी बांधली. भुतं काही रजिस्टर मागत नाहीत." रविवारी मात्र त्याने उपासनेत सगळ्यांसमोर सांगितले की लेकरू आले म्हणजे त्या घराला काही दिवस दार लावून घ्यायचा हक्क असतो, आणि तो हक्क देणारा प्रभूच आहे. खुलासा म्हणून त्याने मंडळाला तेच लिहून पाठवले आहे. अर्जदाराला त्याचा अभिमान वाटला. त्याला तसे सांगितलेले नाही.

९. तालुक्याच्या वेशीवर आपल्याच कार्यालयाने लावलेला भला मोठा फलक आहे: "बाळाचं रडणं, तालुक्याचं भाग्य." मूल झाले की आपण घरी भेटपेटीही पाठवता. आमच्या गावाला इतक्या वर्षांनी एक मुलगी झाली, तर पेटीऐवजी गाडी पाठवता आहात. फलक तरी उतरवा, नाही तर त्यावरचे शब्द तरी पाळा.

१०. सबब, अर्जदाराच्या मागण्या पुढीलप्रमाणे.

बोरामला हलवण्याचा आदेश रद्द करावा.

दोरी ज्यांनी कापली त्यांनीच येऊन ती बांधावी. अशा तयार दोऱ्या ऑनलाइन मिळतात असे सूनबाई सांगते. त्या चालणार नाहीत, कारण त्या यंत्राने उजव्या पिळाच्या वळलेल्या असतात, आणि मुळात त्या श्री. ग्वाक यांनी वळलेल्या नसतात. मध्येच तुटल्याने मुदत वाया गेली आहे. तेव्हा तीन आठवडे, दोरी पुन्हा बांधली जाईल त्या दिवसापासून नव्याने मोजावेत, आणि तोवर आपल्या कार्यालयाने कुणालाही पाठवू नये.

भेटपेटी पाठवावी. शेवाळ आणि दुलई आहे तशीच चालेल. डायपर मात्र नऊ वर्षांच्या मुलीच्या मापाचे हवेत.

११. आदेशाचे शेवटचे कारण असे दिले आहे: "मुलीस बोलता येत नसल्याने तिची इच्छा समजू शकली नाही. तपासणीच्या वेळी मूल अस्वस्थ होते." यावर अर्जदार प्रत्यक्षदर्शी म्हणून जबाब देते. रुग्णालयात बोरामने तोंडातून आवाज काढलेला कुणाला आठवत नाही. आमच्याकडे आली तेव्हा काढला नाही, हातोहात फिरली तेव्हा काढला नाही. श्री. ग्वाक पाती लावत होते तेव्हा ती ओसरीवर सुनेच्या मांडीवर बसून फाटकाकडे बघत होती. दोरी खाली पडली आणि ती अशी किंचाळली की गावातली कुत्री भुंकू लागली आणि सेचान ओरडला, "आपली बोराम! आपली बोराम!" श्री. ग्वाक यांच्या हातून पिशवी पडली. महोदय, मूल अस्वस्थ नव्हते. मूल चिडले होते. आपल्या घरात भलताच माणूस घुसला की आपण ओरडतो तशी ती ओरडली, आणि तसे ओरडायला आधी ते घर आपले वाटावे लागते. तिची इच्छा याहून स्पष्ट कोणत्या भाषेत हवी ते कळवावे.

१२. हा अर्ज फेटाळल्यास ५ डिसेंबरला आपली गाडी येईल तेव्हा फाटकावर दोरी नसेल. तिच्या जागी अर्जदार खुर्ची टाकून आडवी बसेल. शेजारी सुन्चोनकरीण बसणार आहे, तिने खुर्ची आजच आणून ठेवली आहे. तिच्या पलीकडे श्री. चू, त्यांची उशी घेऊन. कापून पिशवीत भरण्याजोगे त्या दिवशी फाटकावर काही मिळणार नाही, याची कृपया नोंद घ्यावी.

उत्तराची वाट घरीच बघत असलेली, आपली नम्र,

(सही) प्यो मालसुन
मुलग्यो, दि. २३ नोव्हेंबर

सहअर्जदार: मोक बोराम. (अंगठा कोळशाने उठवला आहे. हे आडनाव आपल्या दप्तरी अद्याप नाही, ते चढवून घ्यावे.)

सोबत: भाताच्या पेंढ्याची एक जुडी, श्री. ग्वाक यांच्या सरावासाठी. डावा पीळ जमत नसल्यास त्यांनी कोणत्याही दिवशी फाटकापर्यंत यावे. अर्जदार आतून शिकवील.