जानकीच्या जागी इंतान

२ मार्च १९७८, मनामा
सौ.चा व्हिसा वाढला. जीव भांड्यात पडला. बाळंतपण इथेच होणार. अरबाबने, म्हणजे आमच्या शिलाईच्या दुकानाच्या मालकाने, स्वतः ऑफिसात खेटे घातले. त्याला एवढी माया कुठली, बीबीने मागे लकडा लावला होता. इंतान बीबी त्याची बायको, मलायातली, पेनांगची. हा जहाजावर नोकरीला असताना लग्न करून आणलेली. मूलबाळ नाही. सौ.वर फार जीव. दर शुक्रवारी झिंज भागातल्या घरून नारळाच्या रसातलं माशाचं कालवण पाठवते. आमच्यापेक्षा जरा गोड, पण सौ. वाटी चाटूनपुसून साफ करते.
अरबाब आज खुशीत होता. म्हणाला, दुकानाच्या पाटीवर इंतान, लाँचवर इंतान, घरात इंतान. त्यातली पाटी आणि लाँच तेवढी माझं ऐकतात.

८ एप्रिल
गावडे ड्रायव्हर रजेवरून आला. ताईने त्याच्याबरोबर कोकमं, कुळथाचं पीठ आणि एक कॅसेट धाडली आहे. लावली, तर सुरुवातीलाच दम: "बारशाक आत्या होयी. माका थंय येवक जमाचा नाय, म्हणान हेच्यात पाळणो गायलंय. एका बाजूक चेडू झाला तर, दुसऱ्या बाजूक झील झालो तर. बारशादिशीच लाव, आदी आयकू नको. आयकान झाला काय त्याच्यारच उत्तर भर आणि धाड."
मुलीचा पाळणा एका बाजूला, मुलाचा दुसऱ्या. बंद केली. तिच्या शब्दाबाहेर मी कधी गेलो नाही. आई गेली तेव्हा मला नीट चालताही येत नव्हतं, ताईने कडेवर वाढवलं. लग्न होऊन गेली, नवरा गेला, परत आली. पदरी मूलबाळ नाही. मुलगी झाली तर नाव आईचं, जानकी. हे माझं लग्न ठरायच्या आधीपासून ठरलेलं आहे.

१ मे
मुलगी. दोघी बऱ्या आहेत. मी दुकानातून हॉस्पिटलात पोचेपर्यंत बीबी तिथे बाळाला मांडीवर घेऊन बसलेली. नर्स मला म्हणाली, ही आजी का? मी हो म्हटलं.

१२ मे, शुक्रवार
बारसं झालं.
दोन खुर्च्यांना साडी बांधून पाळणा केला होता. गावडे, दुकानातले दोघे कारागीर, त्यांच्या बायका. टेपरेकॉर्डर पाटावर मांडला होता, मुलीच्या पाळण्याची बाजू वर करून. एवढ्यात अरबाब आणि बीबी आले. बीबीने बाळाच्या गळ्यात सोन्याची साखळी घातली. सौ.ने तिला मोडक्या हिंदीत समजावलं की आमच्यात बाळाच्या कानात नाव बापाची बहीण सांगते. बीबीने इकडेतिकडे पाहिलं. "बहन इधर नहीं? तो मैं बहन."
सगळे हसले. मीही हसलो. तोवर ती वाकून कानात सांगून मोकळी. बायकांनी रीतीप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे घातले, ती बिचारी घाबरली, मग कळल्यावर लहान मुलीसारखी हसायला लागली. सौ.ने विचारलं, नाव काय सांगितलंत? "मेरा. इंतान."
माझं बोट बटणावर होतं. अरबाब कॉटवर बसून लाडू खात होता, डोळे पुसत होता. त्याला रडताना कधी बघितलं नव्हतं. सौ.चा पुढचा व्हिसा याच माणसाच्या हातात. बटण दाबलं तर बीबीच्या तोंडावर दुसरं नाव. म्हटलं, पाहुणे गेल्यावर लावू, दोन नावं ठेवू, लोक ठेवतात की. पाहुणे गेले. बाळ झोपलं. सौ. झोपली. मग मीही.

२१ मे
गावडेच्या ओळखीचा एक जण अचानक गावी निघाला. दुकानातच कॅसेट भरली, शेजारी मशीन चालू, गिऱ्हाईक माप द्यायला उभं. ताई, पाळणा वाजवला, सगळ्यांनी ऐकला, सौ.ला भरून आलं, जानकी मजेत आहे. एवढं बोलून देऊन टाकली.
घरी आल्यावर सौ. म्हणाली, "अहो, भरायच्या आधी ताईंचं गाणं ऐकलंत ना?"
नाही ऐकलं. कुठल्या बाजूवर भरलं तेही बघितलं नाही. बाजू पालटली नव्हती, म्हणजे पाळण्याचीच, तो पुसला गेला. ताई माझ्या मुलीसाठी काय गायली ते आता जगात कुणालाच माहीत नाही, तिच्याशिवाय.
सौ.ने पोरीला उचललं आणि पाठ फिरवली.

१९ ऑगस्ट
रमजान. ईदच्या कपड्यांचा ढीग. जेवायला सवड नाही. बरं आहे, विचार करायलाही नाही. पोरीचा पासपोर्ट झाला. नाव इंतान. फॉर्म भरताना पेन थांबलं होतं, तरी तेच लिहिलं. इथे सगळे त्याच नावाने हाक मारतात, ती हसते. आता कागदावर वेगळं कशाला, असा विचार केला. पळवाट काढायला मी पहिल्यापासून हुशार.

१४ जानेवारी १९८०
ताईची कॅसेट. अर्धी गावची बातमी, अर्धी नुसती "जानके, गे जानके, आत्येक इसारलंस मां?" पोर टेपरेकॉर्डरभोवती फिरत होती, आतली बाई कुणाला बोलावते आहे ते शोधत.
सौ. म्हणते, खरं सांगून टाका. पण कॅसेटवर असलं कसं सांगायचं? समोरासमोर सांगेन.

२० जून १९८१
गावाहून येऊन चार दिवस झाले. तिथे वही नेली नव्हती. जे झालं ते एकदा लिहून ठेवतो.
जाताना ठरवलं होतं, पहिल्या दिवशीच सांगायचं. पहिल्या दिवशी ताईने घावणे केले, दारात रांगोळी, सारी वाडी बघायला लोटली. म्हटलं, उद्या. सौ.ला बजावलं की पोरीला नावाने हाक मारू नकोस, नुसतं बाळ म्हण. दोन दिवस निभलं.
तिसऱ्या दिवशी ताई अंगणात आंबे पुसत बसली होती. पोर पाठमोरी, माती उकरत होती. "जानके, हंय ये." वळली नाही. पुन्हा हाक. नाही. ताई उठली, तिच्या पाठीमागे जाऊन टाळी वाजवली. पोर दचकली. मग ताई माझ्याकडे आली, अगदी हळू म्हणाली, "बाबू, चेडवाक आयकाक येता मां? टाळी आयकता, पण हाक आयकणा नाय. माका भिया दिसता. कुडाळाक डॉक्टराक दाखवया."
तिचे डोळे भरले होते. मी म्हटलं, दाखवू. हो, मी असं म्हटलं. त्या क्षणी सुद्धा.
आणि तेवढ्यात विहिरीकडून गुरं आली. सौ. घाबरून पडवीतून ओरडली, "इंतान!" पोर धावत जाऊन तिला बिलगली.
ताईने विचारलं, ह्या काय? सौ.ने माझ्याकडे बघितलं. मग मी सांगितलं. बीबी, व्हिसा, सगळं. ताई ऐकत राहिली. रागावली नाही. शेवटी एवढंच विचारलं, "माजो पाळणो तरी आयकलंस मां?"
मी म्हटलं, हो.
"मगे पयली ओळ म्हणान दाखय."
मी आंब्यांकडे बघत राहिलो. ताईने आंबे टोपलीत भरले. "त्या बायेचा नाव माज्या तोंडात यायचा नाय," म्हणाली आणि आत गेली. उरलेले दिवस जेवायला वाढलं, पोरीला न्हाऊ घातलं, केस विंचरले, वेणी घातली. सगळं हाक न मारता. निघताना मी पाया पडलो तर पाय मागे घेतले नाहीत, पण पाठीवर हातही ठेवला नाही.

३ नोव्हेंबर १९८१
कॅसेट धाडली. उत्तर नाही.

२५ एप्रिल १९८२
दुसरी धाडली. गावडेच्या पुतण्याने हातात दिली. ताईने घेतली, चहा पाजला. कॅसेट कपाटावर ठेवली म्हणे.

१० डिसेंबर १९८२
अरबाबने दुसरं लग्न केलं. मुलगी सौ.पेक्षा लहान. दुकानात कुणी विषय काढत नाही, सगळे खाली मान घालून शिवताहेत. बीबी आज आली होती. नव्या बायकोच्या झग्यांची मापं घेऊन. स्वतः. मी नको नको म्हणत हात आडवा केला, तर म्हणाली, मास्तर, अच्छा सीना, बच्ची है.

१७ मे १९८३
अरबाबने लाँच विकली. घेणारा मुहर्रकचा, त्याने जुफैरच्या किनाऱ्यावरच नाव खरवडून काढलं. मी आणि पोर बघत होतो. तिला अक्षरं कळतात आता. विचारलं, पप्पा, माझं नाव का काढतात? म्हटलं, रंग द्यायचा आहे.

३० सप्टेंबर १९८३
बीबी कायमची पेनांगला निघाली. भाऊ आहे तिथे, तो ठेवून घेईल, इंशाल्ला. निरोप घ्यायला खोलीवर आली. पोरीला मांडीवर घेऊन बसली. सौ. चहा करत होती. मला राहवलं नाही. पाच वर्षं जे पोटात होतं ते सगळं सांगून टाकलं. ताई, कॅसेट, बटणावरचं बोट.
तिने आधी कळलंच नाही असं बघितलं. मग म्हणाली, "बहन का गाना था? मेरे को काहे नहीं बोला, मास्तर? मैं चुप बैठ के सुनती. मेरे को गाना बहुत अच्छा लगता."
मी म्हटलं, तुम्हाला वाईट वाटलं असतं.
"मेरे को? दो नाम रखते. मेरे घर में मेरा भी दो नाम था."
ज्या रागाला घाबरून मी ताईला गमावलं तो राग कुठे नव्हताच. अरबाब तरी रागावला असता का? बहुतेक लाडू खात बसला असता. मी विचारलंच नाही. न विचारताच माझ्या मनाने सगळ्यांची उत्तरं देऊन टाकली.
जाताना बीबी म्हणाली, बहन को बोलो, इंतान ने माफी माँगा. तिने कशाची माफी मागायची?

६ फेब्रुवारी १९८४
दुकानाची पाटी बदलली. नव्या बायकोला मुलगा झाला, त्याचं नाव. जुनी पाटी मागच्या बाजूला उन्हात पडून होती, रंगाऱ्याने त्यावर डबे ठेवले. आता या गावात इंतान एकच, आमची. ज्यांना खूष करायला ते नाव घेतलं त्यांनीच पुसून टाकलं, आणि ती ते घेऊन शाळेत जाते. तिला फार आवडतं. वर्गात दुसरी कुणी नाही म्हणते.

११ ऑगस्ट १९८४
बीबीचा निरोप ताईला कळवला. गावडे गेला होता, तोंडीच सांगायला लावलं. ताईने ऐकून घेतलं आणि विचारलं, ती बाय आता एकटीच आसा? गावडे म्हणाला, भावाकडे आसता. ताई हूं म्हणाली. बस.

२२ नोव्हेंबर १९८५
गावडे रजेवरून परत. या वेळी ताईकडून काहीच नाही, कोकमंही नाहीत. बसला, चहा प्याला, घुटमळला. मग म्हणाला, "एक सांगाचा होता. तुज्या ताईच्या गायीक पाडी झाली. नाव काय ठेवल्यान म्हायत आसा? इंतान."
कप खाली ठेवला मी. पुन्हा विचारलं. तेच.
सौ. आतून आली. "गुराला ठेवलं? यापुढे आणखी काय बोलायचं राहिलं ताईंचं?" आणि डोळ्यांना पदर.
मी गावडेला विचारलं, हाक कशी मारते? म्हणजे आवाज कसा असतो? रागाचा?
"कसो म्हणजे? आपण गोरवांक मारतो तसो. सांजेक बांदार उभी रवता आणि मारता."
पाडी चपळ आहे का, ताई तिला मारते का, चारा कोण घालतं, सगळं खोदून विचारलं. गावडे वैतागला. त्याने एकदाच बघितलं होतं, ताई तिला गूळ चारत होती. पण मग म्हणाला, पाडीने शेजाऱ्याच्या कुळथात तोंड घातलं तेव्हा काठीही घातली म्हणे.

२४ नोव्हेंबर
कामात लक्ष नाही. एका झग्याची बाही उलटी शिवली.
आमच्याकडे गाय दावणीला आली की घरातल्या कुणाचं तरी नाव मिळतं तिला. आईच्या वेळी एकीचं नाव ताईचंच होतं म्हणे. पण तेव्हा ताई घरात होती, सगळे हसायचे. हे तसं आहे का? टोमणा मारायचा तर एवढं लांब कशाला, गावडेच्या तोंडी चार शब्द पुरले असते. आणि माया असेल तर मला कळवलं का नाही? नाव तोंडात घेणार नाही म्हणाली होती. आता रोज संध्याकाळी बांधावर उभी राहून घेते, मोठ्याने, साऱ्या वाडीला ऐकू जाईल असं. आणि जिला हाक मारते ती येते.

२६ नोव्हेंबर
पोरीला कुणीतरी सांगितलं. सौ.नेच असणार. शाळेतून आली ती नाचतच. "काउ हॅज माय नेम? रिअली? इज शी ब्राऊन?" मला रंग माहीत नव्हता. तिने मला गावडेला फोन करून विचारायला लावलं. तांबडी आहे, कपाळावर पांढरा ठिपका.
मग विचारते, आत्या मला कुठल्या नावाने बोलावणार?
अरबाबकडे मे महिन्याची रजा मागितली. इंशाल्ला म्हणाला, म्हणजे अजून नक्की नाही. पोरीला उत्तर दिलेलं नाही. ती वाट बघते आहे, अभ्यास घेऊन माझ्या समोरच बसली आहे.